चालता येतंय तोवर दाखवा

पाठ दुखत नाही असा माणूस आपल्या शिरोळ तालुक्यात शोधूनच काढावा लागेल. उसाची भांगलण, मोळ्या उचलणं, इचलकरंजीच्या मागावर अख्खी पाळी उभं राहणं, दुधाचे कॅन, मोटारसायकलवरून खड्ड्यांतलं येणं-जाणं. अशी धरलेली पाठ बहुतेकांची चार-सहा आठवड्यांत सुटते. साधी गोळी, शेक आणि जमेल तेवढं चालणं-फिरणं एवढ्यावर भागतं. तिच्यासाठी एमआरआयच्या रांगेत उभं राहायची गरज नाही, आणि घाबरायची तर मुळीच नाही.

मी लिहितोय ते वेगळ्या दुखण्याबद्दल. मणक्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू खाली उतरतो. मोठ्या माणसात तो सुमारे ४५ सेंटिमीटर लांब आणि जेमतेम करंगळीएवढा जाड असतो. हातापायांची ताकद, कातडीला कळणारं ऊन-गार, लघवी-संडासवरचा ताबा, हे सगळे निरोप त्याच्यातूनच जातात-येतात. या मज्जारज्जूला चिकटून, किंवा थेट त्याच्या आत, एखाद्याला गाठ होते. प्रमाण फार थोडं, वर्षाला लाख माणसांमागे साधारण एक. माझ्यासारख्या खेड्यातल्या डॉक्टरला सगळ्या प्रॅक्टिसमध्ये अशा गाठी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच दिसतात. म्हणूनच त्या लवकर ध्यानात येत नाहीत आणि उशिराची किंमत पायांना मोजावी लागते.

यातल्या बऱ्याच गाठी कॅन्सरच्या नसतात. सावकाश, वर्षानुवर्षं वाढतात. तरीही त्या माणसाला लुळं करू शकतात, कारण मणक्याच्या हाडी नळीत जागाच नसते. गाठ इकडे वाढली की तिकडे मज्जारज्जू चेपतो. आणि या रोगाबद्दल मेंदू-मणक्याचे सर्जन एकमुखाने एक गोष्ट सांगतात: ऑपरेशनला जाताना रोग्याची जी अवस्था असते, तिच्यावरच पुढचं बरंचसं ठरतं. चालत गेलेला बहुधा चालत घरी येतो. पाय पार गेल्यावर, महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळल्यावर नेलेल्याचे पाय परत येतीलच असं कुणी सांगू शकत नाही. या लेखात मला सांगायचं आहे ते एवढंच: चालता येतंय तोवर दाखवा.

दाखवायचं कधी, हे कळायला मशीन लागत नाही. आपल्या नरसोबाच्या वाडीच्या घाटावर उभं राहिलं तरी पुष्कळ दिसतं. पायऱ्या उतरताना पाय कुठे पडतोय हे नजरेने बघितल्याशिवाय ज्याला पाऊल टाकता येत नाही, तो माणूस. पायातली चप्पल निसटली आणि पाच पावलं पुढे गेल्यावर ज्याला ते कळलं, तो माणूस. आंघोळीला नदीत उतरल्यावर एका पायाला पाणी गार लागतं आणि दुसऱ्याला लागतच नाही, असं जो सहज बोलून जातो, तो. असं खरंच होतं. गाठ मज्जारज्जूच्या एका बाजूला असेल तर त्या बाजूच्या पायाची ताकद कमी होते आणि गार-ऊन कळेनासं होतं ते दुसऱ्या पायाला. हात जोडून डोळे मिटले की जो झोकांडतो, तोंडावर पाणी मारताना ज्याला भिंत धरावी लागते, त्यालाही मी थांबवून विचारतो. वय झालं, अशक्तपणा आला, असं म्हणून घरचे सोडून देतात. सोडून देऊ नका.

दुखण्याची तऱ्हाही निराळी असते. कष्टाने धरलेली पाठ आडवं झाल्यावर सैल पडते. गाठीचं दुखणं अनेकदा उलटं वागतं: दिवसा कामात बरं वाटतं आणि रात्री पाठ टेकली की ठणका सुरू होतो. माणूस उठून बसतो, येरझाऱ्या घालतो, खुर्चीत बसून झोप काढतो. छातीभोवती किंवा पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटतं. त्यापायी कुणाचे ईसीजी होतात, कुणाला पित्ताची औषधं चालू होतात. पुढे लघवीची भावना होऊनही ती लवकर सुटत नाही, किंवा घाई होऊन थांबत नाही. बायका हे लाजेने सांगत नाहीत. पुरुष प्रोस्टेट म्हणून वेगळ्याच डॉक्टरकडे जातात. लहान मुलांत पाठीला बाक येणं, मान एका बाजूला धरणं, चांगलं पळणारं पोर सारखं धडपडायला लागणं, ही लक्षणं आधी दिसतात, कारण पोराला आपलं दुखणं नीट सांगता येत नाही.

काही वर्षांपूर्वी पन्नाशीच्या पुढच्या एक मावशी वाडीत सेवेला येऊन राहिल्या होत्या. गुडघ्याची गोळी घ्यायला माझ्याकडे आल्या. पिशवीत जाडजूड फाईल. आधी गुडघ्याचे उपचार, मग कमरेचे. कमरेचा एमआरआयही झालेला, त्यात दोन चकत्या किंचित बाहेर आलेल्या. त्या वयात कुणाचाही एमआरआय काढला तरी हे दिसण्याची शक्यता पुष्कळ असते. सगळ्यांनी दोष त्या चकत्यांवर टाकला होता. मी विचारलं, ‘मावशी, चप्पल पायातनं निसटते का?’ त्या म्हणाल्या, ‘निसटते की. आणि म्या तशीच चालत र्‍हाते.’

त्यांना टेबलावर झोपवलं आणि साधी टाचणी घेऊन तळपायापासून वर टोचत निघालो. पोटरी, मांडी, ओटीपोट. ‘कापसावनी वाटतंय,’ एवढंच त्या म्हणत होत्या. बेंबीच्या चार बोटं वर आल्यावर एकदम दचकल्या. ‘आता टोचलं बगा. हितनं फुडं टोचतंय.’ मी बॉलपेनने तिथे रेघ मारली, मागे पाठीवरही तसंच करत गेलो. दोन्ही रेघा एकाच पातळीला जुळल्या. गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय उडून वर आला. नुसती कमरेची शीर दबलेली असती तर पाय असा उडाला नसता, आणि बधिरपणा पोटापर्यंत चढला नसता. दुखणं कमरेत नव्हतंच, वीतभर वर होतं. छातीच्या मागच्या मणक्यांचा एमआरआय केल्यावर तिथे मज्जारज्जूच्या आवरणातून उगवलेली गाठ दिसली. मेनिन्जिओमा म्हणतात ती. मध्यम आणि उतारवयाच्या बायकांत, पाठीच्या मधल्या भागात ही गाठ जास्त सापडते. बहुतेक वेळा ती साधी असते आणि पूर्ण निघते. मावशींचीही निघाली. आधी वॉकर, मग काठी, आणि पुढे काठीही सुटली.

यातून घ्यायचं ते असं. कमरेचा एमआरआय ‘नॉर्मल’ किंवा ‘थोडी झीज’ आला म्हणजे मणका तपासून झाला असं नाही. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो. त्याचा बहुतेक भाग वर, मानेत आणि छातीमागे असतो, आणि कमरेच्या फिल्ममध्ये तो येतच नाही. पाय बधिर आहेत, जड आहेत, तोल जातोय आणि फिल्म मात्र फक्त कमरेची, अशी फाईल घरात असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा: ‘साहेब, वरचा मणका बघायला नको का?’ हा प्रश्न विचारल्याने कुणाचा अपमान होत नाही. गाठीची शंका असेल तर मानेपासून माकडहाडापर्यंत अख्ख्या मणक्याचा एमआरआय, शिरेतून औषध देऊन केलेला, हवा. त्या औषधाआधी किडनीची तपासणी लागते. छातीत पेसमेकर किंवा अंगात धातूचा तुकडा असेल तर आधीच सांगा.

आपल्याकडे वेळ कुठे जातो, तेही सांगतो. पहिला वेळ जातो ‘ताकदीच्या इंजेक्शनात’. त्या इंजेक्शनात पुष्कळदा स्टेरॉइड असतं. स्टेरॉइडने गाठीभोवतीची सूज उतरते, पाय हलका वाटतो, माणूस म्हणतो गुण आला. गाठ तिथेच असते. दर खेपेला गुण कमी दिवस टिकतो आणि तेवढ्यात सहा महिने, वर्ष निघून जातं. दुसरा वेळ जातो पाठ मोडून घेण्यात. मणका बसवून देणाऱ्या माणसाचा हात मुरगळलेल्या पायाला चांगला असेल, पण पाय जड पडलेल्या माणसाच्या मानेला किंवा पाठीला हिसका देणं फार धोक्याचं आहे. तिसरा वेळ टीबीच्या नावाने जातो. मणक्याचा टीबी आपल्या देशात खूप आहे, ते खरं, आणि वेळेवर औषध दिलं तर तो बराही होतो. पण फिल्ममध्ये काहीतरी दिसलं म्हणून तपास न करता सरसकट टीबीच्या गोळ्या सुरू करणं आणि पाय बिघडत असतानाही ‘कोर्स पूर्ण होऊ दे’ म्हणत थांबणं, हे चुकीचं आहे. औषध चालू असताना पाय वाईट होत असतील तर कोर्स संपायची वाट बघू नका.

आणि सगळ्यात जास्त वेळ जातो भीतीत. ‘मणक्याचं ऑपरेशन केलं की माणूस कायमचा बसतो’ हे वाक्य प्रत्येक गावात प्रत्येक पारावर ऐकू येतं. अमक्याच्या मेव्हण्याचं उदाहरणही तयार असतं. मेव्हणा ऑपरेशनला नेला तेव्हा किती महिन्यांपासून उठत नव्हता, हे मात्र कुणी सांगत नाही.

या ऑपरेशनला सव्वाशे वर्षांहून जास्त इतिहास आहे. जून १८८७ मध्ये लंडनमध्ये व्हिक्टर हॉर्स्ले या सर्जनने मज्जारज्जू दाबणारी गाठ पहिल्यांदा यशस्वीपणे काढली. रोगी लष्करातला अधिकारी होता. तीन वर्षं खांद्याच्या फऱ्याखाली दुखत होतं, बऱ्याच डॉक्टरांकडे फिरून झालं होतं, पाय गेले होते, लघवीही जात नव्हती. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून आठ वर्षं होती. विल्यम गॉवर्स या डॉक्टरांनी नुसत्या तपासणीवरून, कुठवर कळतं आणि कुठून कळत नाही ते बघून, गाठ अमुक ठिकाणी असावी असं सांगितलं. हॉर्स्लेने पाठ उघडली तर तिथे काहीच नाही. मदतनीस चार्ल्स बॅलन्सने आग्रह धरला की आणखी एक मणका वर जाऊ. तिथे गाठ होती. वर्षभरात तो अधिकारी पुन्हा दिवसाला सोळा तास काम करत होता. पाय गेलेले असूनही परत आले. असंही होतं, पण त्याच्या भरवशावर राहू नये.

आज सर्जनच्या हाताशी काय नाही? सूक्ष्मदर्शक आहे. गाठ ध्वनिलहरींनी आतल्या आत बारीक करून ओढून घेणारं उपकरण आहे. ऑपरेशन चालू असताना हातापायांकडे जाणारे निरोप नीट चाललेत की नाही हे सतत दाखवणारं यंत्र आहे. तरीही सगळ्या गाठी सारख्या नसतात, आणि हे घरच्यांनी आधी समजून घेतलं पाहिजे. आवरणातून किंवा शिरेच्या मुळातून उगवलेली गाठ मज्जारज्जूच्या बाहेर असते, ती बहुधा पूर्ण निघते. मज्जारज्जूच्या आतल्या गाठींचे मुख्य प्रकार दोन. आपल्या वाडीच्या बासुंदीतला चारोळीचा दाणा चमच्याने अलगद उचलता येतो, विरघळलेली साखर नाही उचलता येत. एपेन्डिमोमा ही गाठ त्या चारोळीसारखी, बहुधा कडा राखून असलेली. मोठ्या माणसांत आतल्या गाठींपैकी हीच जास्त, आणि पूर्ण निघाली तर अनेकदा पुढे काहीच करावं लागत नाही, फक्त ठरावीक काळाने एमआरआय. ॲस्ट्रोसायटोमा ही विरघळलेल्या साखरेसारखी. मुलांत जास्त दिसते. तिच्यात सर्जन जेवढं सुरक्षित तेवढंच काढतो, तुकडा तपासायला पाठवतो, आणि गाठीच्या प्रतीनुसार रेडिएशनचं ठरतं. ‘सगळी गाठ का नाही काढली’ म्हणून त्याच्यावर चिडू नका. हात आखडता घेतला म्हणून तर पाय शाबूत राहतात. रक्तवाहिन्यांची एक तिसरी गाठ असते, हेमँजिओब्लास्टोमा. ती काही घराण्यांत चालत येते, म्हणून तिच्यात डोळे आणि किडनीही तपासून घ्यावी आणि भावंडांनाही दाखवावं.

ऑपरेशन झाल्यावरचा पहिला महिना घरच्यांना फार जड जातो, कारण कुणी आधी सांगितलेलं नसतं. आतली गाठ काढल्यावर पाय पहिले काही दिवस, कधी काही आठवडे, आधीपेक्षाही वाईट वाटू शकतात. जमीन पायाखाली लागत नाही. घरात रडारड सुरू होते, ऑपरेशन फसलं म्हणून. बहुतेकांत हे सावकाश सुधारत जातं, महिन्यांच्या हिशेबाने, आणि सुधारतं ते व्यायामाने. फिजिओथेरपी म्हणजे विजेचे शेक नव्हेत. बसणं, उभं राहणं, तोल सांभाळणं पुन्हा शिकणं म्हणजे फिजिओथेरपी. बधिर पायाला गरम पाण्याची पिशवी कधीही लावू नका, भाजलेलं कळत नाही. बादलीतलं पाणी घरच्या दुसऱ्या माणसाने हाताने बघावं. जो कुशीवर वळू शकत नाही त्याला दर दोन तासांनी वळवा, रात्रीसुद्धा. पाठीला एकदा जखम झाली की ती गाठीपेक्षा जास्त छळते.

आणि सगळेच चालत येत नाहीत, हेही मी लपवणार नाही. दीपा मलिक यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. लहानपणी एकदा त्यांना मणक्यात गाठ झाली होती. १९९९ मध्ये ती पुन्हा उद्भवली. पती लष्करात, कारगिलचं युद्ध चालू, पदरात दोन मुली. ऑपरेशनं झाली, १८३ टाके पडले आणि छातीखालचं शरीर कायमचं गेलं. पुढे त्या आपल्या नगरला राहिल्या. तिथे त्यांनी हॉटेल चालवलं, पोहायला लागल्या, महाराष्ट्राच्या खेळाडू म्हणून पुढे आल्या. २०१६ च्या रिओ पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत ४.६१ मीटरची फेक करून त्यांनी रौप्यपदक मिळवलं. पॅरालिम्पिक पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. प्रत्येकाला पदक मिळणार नाही. पण चाकाच्या खुर्चीत बसलेल्या सुनेला आतल्या खोलीत ठेवून आयुष्य संपल्यासारखं वागणाऱ्या घरांना मी ही हकिकत मुद्दाम सांगतो. उंबरा काढा, संडासात धरायला दांडी बसवा, दाराची रुंदी मोजा, आणि तिला बाहेर आणा.

जायचं कुठे? पहिली पायरी लांब नाही. वाडीहून मिरज तासाभराच्या आत. मिशनरी डॉक्टर वानलेस साहेबांनी १८९४ मध्ये दवाखाना उभारला तेव्हापासून कर्नाटकापर्यंतची माणसं तिथे येतात. सरकारी मेडिकल कॉलेजही तिथेच आहे. कोल्हापूरला सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहे. तपासणी, एमआरआय आणि बाहेरच्या गाठींची बरीचशी ऑपरेशनं आपल्या भागात होतात. मज्जारज्जूच्या आतली गाठ असेल तर मात्र अशी ऑपरेशनं नेहमी करणारा हात शोधा. मुंबईचं केईएम, परळचं टाटा, बंगळूरचं निम्हान्स ही नावं याच कामासाठी आहेत, आणि मिरजेहून दोन्हीकडे रात्रीची गाडी मिळते. सर्जनला विचारा: अशी ऑपरेशनं तुम्ही किती करता? चालू ऑपरेशनमध्ये शिरांवर लक्ष ठेवणारं यंत्र आहे का? तुकडा कुठे तपासणार? चांगला सर्जन या प्रश्नांनी रागावत नाही. दुसरं मत घ्या, पण दहा मतं घेत वर्ष घालवू नका.

पैशाचं म्हणाल तर शेत विकायच्या आधी रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला भेटा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि २०२३ च्या निर्णयानंतर ती सर्व रेशनकार्डांसाठी खुली झाली. धर्मादाय हॉस्पिटलांना कायद्याने १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. हे मागायला संकोच करू नका. दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा टाटाच्या रोग्यांसाठी आहे. आणि एक आपल्या भागापुरतं: २००५, २०१९, २०२१ च्या पुरांत कितीकांच्या फायली वाहून गेल्या. एमआरआयची सीडी, ऑपरेशनची टिपणं, तुकड्याचा रिपोर्ट यांचे फोटो दोन वेगळ्या फोनमध्ये ठेवा. गाठ पाच-दहा वर्षांनी परत डोकावली तर तो जुना कागद सोन्याच्या मोलाचा ठरतो.

शेवटी वाडीतल्या आपल्याच माणसांशी बोलतो, पुजारी मंडळींशी, उतारूंना खोल्या देणाऱ्या घरांशी. दत्त महाराजांच्या पायाशी येणाऱ्यांत दुखण्याने गांजलेले पुष्कळ असतात. त्यांची श्रद्धा मी मानतो, माझीही आहे. सेवा करू द्या, पारायण करू द्या. पण ज्याचे पाय जड पडत चाललेत त्याला सव्वा महिन्याचा संकल्प सोडायला देण्याआधी एकदा विचारा, डॉक्टरला दाखवलंय का, वरच्या मणक्याची फिल्म झाली का. तुमचं तो ऐकतो, माझं ऐकेलच असं नाही. तपासणी, ऑपरेशन उरकून आल्यावर तोच संकल्प पुरा करता येतो. घाटावर प्रदक्षिणा घालताना कुणाचे पाय अचानक गेले, किंवा संध्याकाळपासून लघवी अडून पोट फुगलं, तर ‘पालखी होऊ दे, सकाळी बघू’ म्हणू नका. त्याला सपाट फळीवर आडवं निजवा, चौघांनी मिळून उचला, आणि त्याच रात्री गाडी करून मिरजेला न्या. सोबत असलेल्या सगळ्या फिल्म घ्यायला विसरू नका.